फळ्यामागचे डबे आणि काचेची पाटी

(घाटकोपरच्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘शाळेतलं नवं तंत्रज्ञान आणि आपण’. आधी एका प्राध्यापकाला विचारलं होतं म्हणे. ते आले नाहीत म्हणून गोदीतल्या हमालाला उभं केलंय. ठीक आहे. यंत्र आलं की पहिला धक्का आमच्याच पाठीला बसतो, तेव्हा बोलायचा हक्क आमचाही आहे.

शाळेतलं जुनं यंत्र म्हणजे फळा. खडू आणि फळा. त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी परत सांगतो. बाबासाहेब मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला होते. सरकारी शाळा, नावाजलेली. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं. ते उठले आणि वर्गात गोंधळ उडाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले. पोरं धावली, डबे उचलले, मग भीमरावांच्या हाताला फळा मिळाला. धनंजय कीरांनी चरित्रात हे लिहिलंय. त्याआधी साताऱ्याला तर बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही.

आता मला सांगा, फळ्याचा काय दोष? लाकूडच ते. पण फळ्यामागे कोणाचे डबे आहेत, हे बघितल्याशिवाय फळ्याची स्तुती करण्यात अर्थ नाही. टॅब असो, स्मार्ट बोर्ड असो, मी आधी त्याच्यामागे डोकावून बघतो.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, यंत्र बरं, यंत्राला जात कळत नाही. मास्तर आडनाव विचारतो, वाकडं बघतो, पाठीमागे बसवतो. मोबाईल असलं काही करत नाही. ज्याने तो मार खाल्लाय त्याला पडदा माणसापेक्षा दयाळू वाटणार. हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण यंत्र बोलतं ते कोणाच्या तोंडून? त्यातला आवाज कोणाचा, भाषा कुठली, धडा कोणी लिहिला? आपल्या वस्तीतलं पोर घरी ‘मी आलो व्हतो’ म्हणतं, आणि काचेतल्या बाई जे मराठी बोलतात ते त्याला परक्या गावचं वाटतं. मास्तरांशी निदान भांडता येतं. काचेशी कसं भांडणार?

मुंबई महापालिकेने 2010 नंतरच्या काळात व्हर्च्युअल क्लासरूम काढले. एक शिक्षक स्टुडिओत, पोरं ठिकठिकाणच्या शाळांत. प्रश्न विचारायची सोय होती, हे मान्य. पण इतक्या शाळांतून एकाच वेळी किती जणांचा प्रश्न ऐकणार? जो वर्गात तोंड उघडत नाही तो कॅमेऱ्यासमोर उघडेल? मग 2015 साली आठवीच्या पोरांना टॅब दिले. 20 हजारांवर. दप्तराचं ओझं कमी होणार म्हणून सांगितलं. चांगली गोष्ट. पण 2018 मध्ये बालभारतीने आठवीची पुस्तकं बदलली. कागदाचं पुस्तक बदललं की नवं छापून हातात देता येतं. टॅबमधलं पुस्तक बदलायचं तर कोणीतरी ते भरायला पाहिजे, बिघडला तर दुरुस्त करायला पाहिजे, चार्जिंगला वर्गात प्लग पाहिजे. वाटपाच्या दिवशी मंडप असतो, हार असतात. दुरुस्तीच्या दिवशी मंडप कोणी घालत नाही.

आणि हा खेळ आजचा नाही. केंद्र सरकारने 1984 साली शाळांत कॉम्प्युटर शिकवायची योजना काढली, पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे 250 शाळा. त्याच साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, शाळेच्या पोरांसाठी सरकारी कार्यक्रम बनवायला. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची माणसं. 2017 साली तिला टाळं लागलं. तीनच वर्षांनी शाळा बंद पडल्या आणि सगळे ओरडायला लागले, पोरांना घरबसल्या शिकवायला काही आहे का हो?

मार्च 2020 ची गोष्ट बोललीच पाहिजे. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग परत उघडले 15 डिसेंबर 2021 ला. एकवीस महिने. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तीन पोरं आणि एक मोबाईल. मोबाईल बापाचा, बाप पाळीला गेला की शाळा पण त्याच्या खिशात बसून कामाला जायची. संध्याकाळी मोबाईल घरी यायचा तेव्हा नेटपॅक संपलेला. मोठ्या पोराची दहावी म्हणून फोन त्याला, मधलीला उरलासुरला वेळ. धाकट्याने नाव सोडून अक्षर विसरलं. आणि पोरीचं काय झालं? फोन नाही तर भांडी घास. हजेरीपटावर मात्र ती ‘ऑनलाईन’ होती.

हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याच 2017-18 च्या नमुना पाहणीत देशात 100 घरांपैकी जेमतेम 24 घरांत इंटरनेट होतं, कॉम्प्युटर 11 घरांत. शहरात इंटरनेट 42, खेड्यात 15. आकडा कपाटात होता. तरी फर्मान निघालं, शिक्षण थांबणार नाही. कोणाचं थांबणार नाही?

त्यात एक बरी गोष्ट झाली, तीही सांगतो. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी. रिचार्ज नको, टीव्ही पाहिजे फक्त. वस्तीत टीव्ही असतोच, शेजारच्या घरात तरी असतो. जुनाट यंत्र म्हणून शिकलेले लोक नाक मुरडतात, पण आपल्या पोरांपर्यंत तेच पोचलं.

यंत्र कुठे चाललं तेही बघा. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर, आदिवासींच्या पाड्यावर, संदीप गुंड या जिल्हा परिषदेच्या मास्तरांनी डिजिटल शाळा उभी केली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, 2020 साली जगातलं मोठं बक्षीस मिळवलं, दहा लाख डॉलर, आणि अर्धी रक्कम बाकीच्या नऊ जणांत वाटली. दोन्हीकडे यंत्र मास्तरांच्या हातात होतं. पोरांची नावं त्यांना पाठ होती. वरून खोकं पाठवून हे होत नाही.

गोदीत आम्ही हे बघून बसलोय. 1989 साली न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेला. एका टोळीने दिवसभर उपसायचा माल क्रेन काही मिनिटांत उचलते. पाठ वाचली, हे खरंच. शंभर किलोच्या गोणीवर कविता करणाऱ्यांनी ती एकदा उचलून बघावी. पण पाठ वाचली आणि चूलही विझली. क्रेन चालवायला शिकलेला पोरगा आमच्या चाळीतला नव्हता. म्हणून मी म्हणतो, यंत्र फोडू नका. यंत्राचा दांडा पकडा.

दांडा म्हणजे अभ्यासक्रम. जोतिबांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मास्तर शेतकऱ्यांतून तयार करा, मोडी-बालबोध, हिशेब, शेती, आरोग्य शिकवा. म्हणजे काय शिकवायचं हे आधी, साधन नंतर. आता 2020 च्या धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. येऊ दे की! पण आमच्या पोराला मोबाईलचं पोट उघडून दुरुस्त करायलाही शिकवा. बापाच्या पगाराच्या चिठ्ठीतून कंत्राटदाराने किती कापले ते कॉम्प्युटरवर मांडायला शिकवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाईप करायला शिकवा.

आणि पोरांच्या हातात कॅमेरा आहे तर वस्तीचा इतिहास त्यांना नोंदवू दे. 11 जुलै 1997 ला इथे रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसं मेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्या आज्या अजून बोलतात. आठवीच्या पोरीने टॅब घेऊन आजीसमोर बसावं, विचारावं, रेकॉर्ड करावं, वर्गात ऐकवावं. हा इतिहासाचा तास. यात भाषा आली, यंत्र आलं, आणि आजी मास्तर झाली.

आता कामाचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, सभासदांत निम्म्या बायका, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपले किती आईबाप त्या सभेला जातात? सभेची वेळच पाळीच्या वेळेत ठेवतात. तेव्हा पहिली मागणी वेळ बदलण्याची. दुसरी, टॅब आणि पडदे किती आले, किती चालू, दुरुस्तीला किती पैसे, ते वहीत दाखवा. नाही दाखवलं तर माहितीचा अर्ज. तिसरी, शाळा सुटल्यावर दोन तास कॉम्प्युटरची खोली वस्तीतल्या पोरांना उघडी ठेवा. किल्ली कोणाकडे, यावर वाद होईल. होऊ दे.

घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या शाळांची यादी माझ्याकडे आहे, कोण कुठल्या सभेला जाणार त्यांनी खाली थांबून नाव द्या. आपापल्या आयांना पण आणा. अंधेरी-बोरिवलीकडून अजून एकाचंही नाव आलेलं नाही, तिकडची दोस्तमंडळी मागे बसलीत ती मला दिसतायत.

जय भीम.