ओस घरे आणि सरकारी अनुदान

वाढत्या शहराच्या अडचणी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. जागा अपुरी, पाणी अपुरे, भाडी भरमसाट. परंतु शहर आक्रसू लागले म्हणजे काय घडते, याची कल्पना मुंबईच्या किंवा दिल्लीच्या रहिवाशास सहसा येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने ही अवस्था भोगली आहे. १९५० साली तेथे साडेअठरा लाख लोक राहत होते; २०१० च्या शिरगणतीत ते सात लाख चौदा हजारांच्या आसपास उरले. मोटारींचे कारखाने शहराबाहेर गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, आणि २००८ च्या सुमारास गृहकर्जांचा डोलारा कोसळला तेव्हा आणखी हजारो कुटुंबांची घरे गेली. माणसे गेली, घरे मात्र जागच्या जागी राहिली.

ओस घर हे एकट्याचे दुःख नसते. प्रथम त्यातील तांब्याचे नळ चोरीस जातात, मग दारेखिडक्या, आणि एखाद्या रात्री त्यास आग लागते. शेजारी जिद्दीने राहिलेल्या कुटुंबाच्या घराची किंमत घसरते. किंमत घसरली की कराचे उत्पन्न आटते, आणि उत्पन्न आटले की ते घर पाडण्यासही नगरपालिकेजवळ पैसा उरत नाही. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइटने न्यायालयात दिवाळे जाहीर केले. पुढील वर्षी एका समितीने शहराची पाहणी करून सुमारे ४०,००० इमारती तत्काळ पाडाव्यात, असे सुचविले.

अशा शहराने मदतीसाठी संघ सरकारकडे पाहावे, हे ओघानेच आले. तेथील अर्थखात्याने २०१० साली एक निधी उभारला होता. कर्जदारांची घरे जप्तीपासून वाचावीत, हा त्याचा मूळ हेतू. २०१३ साली मिशिगन राज्याने त्यातील १० कोटी डॉलर ओस घरे पाडण्याकडे वळविण्याची परवानगी मिळविली. पडके घर हटले म्हणजे शेजारच्या घराची किंमत सावरते व पुढची जप्ती टळते, असा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. तथापि, माणसास घरात टिकविण्याचा पैसा घर पाडण्यात खर्च व्हावा काय, हा आक्षेपही तितकाच खरा होता.

अनुदान येते ते अटी घेऊन. घराची मालकी निर्विवाद हवी. म्हणून २००८ साली स्थापन झालेल्या लँड बँकेकडे हजारो मिळकती आल्या. वीज, गॅस व पाणी तोडावयाचे, ॲस्बेस्टॉस काढावयाचे, तळघराचा खड्डा मातीने भरावयाचा. ठेक्यांच्या व्यवहाराविषयी शंका निघताच २०१६ साली अर्थखात्याने काही आठवडे काम थांबविले. तरीही २०२० पर्यंत या निधीतून सुमारे २६ कोटी डॉलर खर्चून पंधरा हजारांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली.

आणि त्यांच्या जागी काय आले? बहुतेक ठिकाणी गवत. नवे घर बांधण्यास जितका खर्च येतो, तितकी किंमत अशा वस्तीत मिळत नाही. तेव्हा ठेकेदार तिकडे फिरकत नाही. ही तूट भरून काढण्यासही अनुदानच लागते, आणि ते पाडण्याच्या पैशापेक्षा कितीतरी मोठे असते. शेजाऱ्यांना मोकळे तुकडे शंभर डॉलरांस विकण्याची योजना निघाली. त्यांत कोणी भाजी लावली, कोणी कुंपण घातले. पुढे २५ कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव आला. २०१९ साली नगरसभेने तो फेटाळला. मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी सुधारित प्रस्ताव मान्य केला. या वेळी घरे पाडण्याबरोबरच सावरण्याजोगी हजारो घरे राखण्याचे वचन त्यात होते. हा बदल महत्त्वाचा होता.

पाडलेली घरे मोजणे सोपे असते. म्हणून सरकारी अहवालास ती आवडतात. एखाद्या गल्लीत किती कुटुंबे टिकली आणि किती परतली, हे मोजण्यास वर्षे लागतात. अनुदानाचा अर्ज लिहिणाऱ्याने आणि तो मंजूर करणाऱ्यानेही हा दुसरा आकडा आधी विचारात घेतला, तरच पडलेल्या भिंतीच्या जागी पुन्हा एखादी चूल पेटेल.