हातातल्या पडद्यावरची स्मरणिका

आपली स्मरणिका छापून निघेलच. पण परगावचे बरेच जण ती मोबाइलवरच उघडतील. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा जेमतेम 70. पीडीएफमध्ये अख्खे पान आक्रसते आणि 12 पॉइंटचे अक्षर 4 पॉइंटचे होते. अनुस्वार, रफार आधी हरवतात. पान मोठे करावे, तर प्रत्येक ओळीला ते डावीउजवीकडे सरकवावे लागते.

ईपबमध्ये अक्षर हवे तेवढे वाढवा, ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने तुटतात. म्हणून पानांचे फोटो नकोत. लेख युनिकोडमध्ये टंकून पाठवा. ज्या बाईंनी आपल्याला अक्षर गिरवायला शिकवले, त्यांना आपले लेख वाचताना डोळे ताणावे लागू नयेत, एवढीच विनंती.