थोडे मटण, सर्वांचे जेवण



पाककृतींच्या पुस्तकांची आपल्याकडे वाण नाही. परंतु पुस्तक उघडावे, तो पहिल्याच ओळीत एक किलो मटण सांगितलेले असते आणि घरात आणलेले असते अर्धा किलो. जेवणारी माणसे सहा. अशा वेळी आपण नेहमीप्रमाणे रस्सा करतो. फोडी आधी वडीलधाऱ्यांच्या आणि मुलांच्या पानांत जातात, आणि रांधणारी शेवटी बसते तेव्हा तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा उरतो. हे कुणी मुद्दाम करीत नाही. पण घरोघरी घडते. म्हणून थोडे मटण शेवटच्या पानापर्यंत कसे पोहोचवावे, हे आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, मांस थोडे असेल तेव्हा फोडी मोजू नयेत, त्यांतून उतरणाऱ्या रसावर भिस्त ठेवावी. मटण हाडांसकट घ्यावे आणि लहान तुकडे करून घ्यावेत. कांदा तांबूस करावा, आले, लसूण व हळद घालून मटण परतावे आणि गरम पाणी ओतून मंद आचेवर शिजू द्यावे. हाडांतील व सांध्यांतील चिकट अंश सावकाश पाण्यात उतरतो आणि तेच पाणी पुढे भाजीला व भाताला चव देते.

दुसरी गोष्ट क्रमाची. जे उशिरा शिजते ते आधी घालावे. मटण मऊ होत आले की बटाटा, गाजर, नवलकोल घालावे. त्यानंतर फरसबी, आणि कोबी अगदी शेवटी. चिंच किंवा व्हिनेगर घालण्याची घाई करू नये, कारण आंबटात भाजी आणि डाळ लवकर मऊ होत नाही. हैदराबादकडचा दालचा पाहा. थोड्या मटणाला डाळीची आणि दुधीची जोड मिळते, आणि चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावर पडतो. डाळीच्या प्रत्येक पळीत मटणाचा स्वाद असतो. फोड कुणाच्या पानात पडली, याला फारसे महत्त्व उरत नाही.

तिसरी गोष्ट भाताची. आम्हा बेळगावकरांना आपल्या सुवासिक बासमतीचा अभिमान आहे. असा तांदूळ धुऊन निथळावा, थोडा परतावा आणि वाटीला दोन वाट्या या मापाने मटणाचे पाणी घालावे. तांदूळ जुना असेल तर किंचित अधिक. गोव्याकडच्या उकड्या तांदळास हे माप चालत नाही. त्याला पाणी पुष्कळ आणि वेळही अधिक लागतो. म्हणून तो वेगळा शिजवून रश्शाबरोबर वाढावा.

गोव्यातील चोरिस तर या विद्येचा उत्तम नमुना होय. डुकराचे मांस मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांत मुरवून, वाळवून आतड्यात भरतात आणि त्याच्या जपमाळेसारख्या माळा करतात. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, यांना मानाचे स्थान असते. चार-पाच चोरिस सोडवून कांदा-बटाट्याबरोबर परतले की त्यांची चरबी सुटते आणि तीत पातेलेभर भात होतो. तेल सहसा लागत नाही. मीठ मात्र चाखूनच घालावे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भात उरलाच तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नये. उबेत पडलेल्या शिळ्या भातात असे विष तयार होते की जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पसरट ताटात तो लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

घरात गाजर नसेल तर भोपळा घ्यावा, फरसबी नसेल तर गवार. जिन्नस बदलतील, क्रम आणि पाण्याचा अंदाज मात्र बदलत नाही. तो हाताला बसला की पुस्तकातील यादी पुरी नाही म्हणून कुणी अडत नाही. आणि वाढताना डाव वरवर न फिरवता तळापासून घ्यावा, म्हणजे पहिल्या पानात जे पडते तेच शेवटच्या पानातही पडेल. रांधणारीचे पान त्यात आलेच.