चार मुले, चार उत्तरे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अंबरपेठ येथे भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा अशी रीत आहे. तो गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथास्थित केला आहे. आम्ही आज घरातल्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दहावीचे मूल आहे. निकाल लागला की आपल्या हैदराबादेत दोनच प्रश्न विचारले जातात : एम. पी. सी. की बाय. पी. सी.? म्हणजे इंजिनियर की डॉक्टर? तिसरी वाट कोणी सुचवली, तर मुलाची प्रकृती बरी नाही की काय, अशा नजरेने मंडळी पाहतात.

या बाबतीत आपल्याच भाषेतल्या एका समाजाकडून काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. धर्माने हे यहुदी, पण घरची भाषा मराठी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुढे ते कोकणात तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. केहिमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे ऐकली, म्हणजे हे आपल्यातलेच, हे वेगळे सांगावे लागत नाही. 1948 नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्राएलला गेले. आज भारतात त्यांची संख्या काही हजारच उरली आहे.

या समाजाने शिक्षणाची कास धरली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या घाणा फिरला, त्या समाजातून पुढे कोणकोण निघाले पाहा. डॉ. जेरुशा झिराड यांच्या बहिणीला मुंबईच्या कामा हॉस्पिटलात जीवदान मिळाले. ते पाहून त्या लहान मुलीने डॉक्टर होण्याचे ठरविले आणि 1919 साली लंडनची एम. डी. पदवी मिळवली. 1928 ते 1947 त्या त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. डेव्हिड अब्राहम चेऊलकर कायद्याचे पदवीधर, पण ओळखले गेले ते 'बूट पॉलिश' या 1954 च्या चित्रपटातील जॉन चाचा म्हणून. निसीम इझिकेल यांचे वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आई शाळा चालवीत असे. मुलगा इंग्रजीतला मोठा कवी झाला आणि 1983 साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. एक डॉक्टर, एक नट, एक कवी. तिघांना एकाच साच्यात ओतले असते, तर आज आम्ही येथे कोणाची नावे घेतली असती?

या समाजाच्या धर्मग्रंथांत मुलांच्या संगोपनाविषयी पुष्कळ विचार झालेला आहे. त्यांचा वल्हांडण सण, म्हणजे पेसाह, हा मिसरातील गुलामगिरीतून सुटल्याच्या आठवणीचा सण आहे. त्या रात्री सगळे कुटुंब एकत्र बसून 'हगादा' नावाची पोथी वाचते. 1846 साली मुंबईत ही पोथी हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह छापली गेली होती. या पोथीत चार मुलांचा प्रसंग आहे. एक शहाणा, एक उद्दाम, एक भोळा आणि चौथा ज्याला प्रश्नच विचारता येत नाही असा. सुटकेची हकीकत चौघांना सांगायची ती एकच, पण उत्तरे मात्र चार. शहाण्याला बारकाव्यासह, उद्दामाला खडसावून, भोळ्याला सोप्या शब्दांत. आणि चौथ्याच्या बाबतीत तर बापानेच बोलणे सुरू करायचे, मुलाच्या प्रश्नाची वाट पाहायची नाही. आम्हांस विशेष वाटते ते असे, की चौघेही एकाच पंगतीला आहेत. उद्दाम मुलाला बोलणी खावी लागतात, पण पानावरून कोणी उठवीत नाही.

याच ग्रंथांत चुकांचीही उदाहरणे आहेत. इसहाक आणि रिबका यांना एसाव आणि याकोब हे जुळे मुलगे झाले. एक रानोमाळ हिंडणारा शिकारी, दुसरा घरात रमणारा. पुढे दोघा भावांत वैर आले. एकोणिसाव्या शतकातील जर्मनीतले यहुदी धर्मगुरू सॅमसन राफाएल हिर्श यांनी या कथेवर लिहिताना दोष आईबापांकडे दिला. दोन भिन्न प्रकृतीच्या मुलांना त्यांनी एकाच पद्धतीने वाढवले, हीच त्यांची चूक, असे त्यांचे म्हणणे. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातील मुलाच्या शिक्षणाविषयीचे वचनही हिब्रूत असे आहे, की मुलाला त्याच्या स्वतःच्या वाटेप्रमाणे शिकवावे, असा त्याचा अर्थ लावता येतो. याकोबाने पुढे दुसरी चूक केली. बारा मुलांत योसेफ लाडका, म्हणून त्याला खास झगा करून दिला. तालमूद ग्रंथातील पंडितांनी त्यावरून बजावले, की मुलामुलांत डावे-उजवे करू नये. त्या थोड्याशा वस्त्रापायी भावंडांत मत्सर माजला आणि सगळे कुळ मिसरात जाऊन पडले. म्हणजे सर्वांना सारखे वागवणे ही एक चूक, आणि एकालाच डोक्यावर घेणे ही दुसरी. माया सारखी आणि शिकवण ज्याची त्याला, हा मध्यम मार्ग होय.

मात्र, मुलाच्या कलाने घ्यावे याचा अर्थ त्याला मोकाट सोडावे असा कोणी करू नये. बापाने मुलाला धर्मशिक्षण द्यावे आणि पोटापाण्याचा एखादा धंदा शिकवावा, असे कर्तव्य तालमूदात सांगितले आहे, आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावे. हे पोहणे आम्हांस फार आवडले. 1908 साली मुसीच्या पुराने या शहराची काय दशा केली, ते आपण वाडवडिलांकडून ऐकले आहे. परंतु नुसता बुडण्याचा धोका हे त्याचे कारण नसावे. बाप मुलाला पाण्यात घेऊन जातो, पोटाखाली हात धरतो, आणि एके दिवशी तो हात काढून घ्यावाच लागतो. मुलाऐवजी बापाला पोहता येत नाही.

बंधुभगिनींनो, हे सारे आम्ही ग्रंथ वाचून सांगत आहोत, पण शिकलो ते ठेच लागून. आमच्या थोरल्या चिरंजीवांना लहानपणापासून स्वयंपाकघराची ओढ. गणेशोत्सवाच्या अन्नसंतर्पणात दोनशे पानांना डाळ किती लागेल, हे तो चौदाव्या वर्षी अचूक सांगे. आम्ही उभयतां म्हणत असू, 'आमच्या घराण्यात आचारी व्हायचा आहे काय?' त्याला एम. पी. सी. ला घातले, वसतिगृह असलेल्या शिकवणीत ठेवले. दोन वेळा परीक्षा गेली. तिसऱ्या वेळी फॉर्म भरायचा तेव्हा तो काही बोलला नाही, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्याशी बोललाच नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली. प्रश्न न विचारणारा चौथा मुलगा आमच्याच घरी होता आणि आम्ही त्याच्या बोलण्याची वाट पाहत बसलो. शेवटी त्याच्या आईने एका संध्याकाळी त्याला जवळ बसवून विचारले, 'तुला काय करायचे आहे, ते सांग. आम्ही मधे बोलणार नाही.' तो बोलू लागला तो रात्री दहापर्यंत. आज त्याची स्वतःची खानावळ आहे, चार माणसे त्याच्या हाताखाली जेवतात. या समारंभाचे भोजनही त्याच्याच हातचे आहे. पण ती वाया गेलेली वर्षे आणि तो अबोला आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. यासाठीच आज उभे राहिलो.

जाता जाता दोन विनंत्या. पहिली ट्रस्टला. आपण दरवर्षी दहावीच्या गुणांवर बक्षिसे देतो. ती चालू राहावीत. पण जे मूल उत्तम सुतारकाम करते, तबला वाजवते, आजारी आजीची सेवा करते, त्याचेही नाव या व्यासपीठावरून पुकारले जावे. आम्ही स्वतः विश्वस्त आहोत, तेव्हा हा दोष आमचाही आहे, आणि येत्या वर्षापासून तो दूर करण्यास आम्ही बांधलेले आहोत. दुसरी विनंती आईबापांना. प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलापाशी बसा. शेजाऱ्याच्या मुलाचे नाव काढू नका. त्याला बोलू द्या, आणि तो बोलत नसेल तर आपण सुरुवात करा.