आणि पाणी आले तर?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



सत्कारमूर्तीची स्तुती करावी, श्रीफळ हाती द्यावे आणि खाली बसावे, अशी आपल्या संमेलनाची रीत आहे. आज ती रीत आम्ही किंचित मोडणार आहोत. अध्यक्षमहाराज क्षमा करतील अशी आशा आहे. आपल्या वसतिगृहात राहून शिकणारी एक कन्या आपत्तिनिवारण ह्या विषयावरील विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस जपानला जाऊन आली. तिचे नाव मघाशी टाळ्यांच्या गजरात पुकारले गेलेच आहे. परंतु त्या परिषदेत तिला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर तिला देता आले नाही. परत आल्यावर तिने ही गोष्ट प्रथम आम्हांस सांगितली, आणि आम्ही बोलावे ते त्याच प्रश्नाविषयी, अशी तिचीही इच्छा आहे.

परिषद कसली, हे थोडक्यात सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरविला. त्यानंतर देशोदेशींचे शाळकरी विद्यार्थी ह्या निमित्ताने जपानात एकत्र येऊ लागले. २०१६ साली कोची प्रांतातील कुरोशिओ येथे, २०१८ साली वाकायामा येथे अशा सभा भरल्या. मुलांनी आपापल्या गावच्या संकटाची हकीकत सांगावयाची, दुसऱ्याची ऐकावयाची, आणि घरी जाऊन काय करणार ते बोलून दाखवावयाचे, असे त्यांचे स्वरूप असते. आपली कन्या गेली ती अशाच एका परिषदेस.

जाण्यापूर्वी तिने आपला निबंध आम्हां चार-पाच वडील मंडळींसमोर वाचून दाखविला. विषय अर्थातच दुष्काळ! दुसरा कोणता असणार? १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ; त्यात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरेचा डावा कालवा; खडी फोडून आणि माती वाहून पोट भरणारी माणसे; त्यांच्या मजुरीत कपात झाली तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने उठविलेला आवाज; हे सारे तिने नेटके मांडले होते. पुढे १९७२ आले. सुकडी आली, परदेशातून आलेली तांबडी मिलो आली, पाझर तलाव आणि नालाबांध आले, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी आली. शेवटी शेततळी व ठिबक सिंचन. आम्ही ऐकून संतुष्ट झालो. आमच्यापैकी एकाचे डोळे पाणावले, कारण त्यांच्या आईने बाहत्तर साली सुप्याकडच्या माळावर पाटी वाहिली होती. ‘पोरी, एक अक्षरही बदलू नकोस,’ असे आम्ही तिला सांगितले.

तिकडे निबंध वाचून झाला, टाळ्या झाल्या. मग समुद्रकाठच्या गावातील एका मुलाने उभे राहून विचारले, ‘तुमच्याकडे पाणी नसते तेव्हा तुम्ही काय करता ते समजले. आणि पाणी आले तर?’

सभेत हशा पिकला. आपली मुलगीही हसली. ‘आमच्याकडे पाणी आले तर आम्ही पेढे वाटतो,’ असे उत्तर तिने दिले, आणि पुन्हा हशा झाला. परंतु त्या रात्री तिला झोप लागली नाही. कारण २०१९ च्या सप्टेंबरात, ती लहान असताना, कऱ्हेचे पाणी गल्लीत शिरले म्हणून तिच्या घरच्यांनी तिला उचलून परक्याच्या गच्चीवर नेले होते, आणि सारी रात्र तेथे काढली होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आपत्ती ती निबंधात लिहावयास विसरली! का विसरली? तर सकाळी पाणी ओसरू लागल्यावर तिच्या आजीने नदीची खणानारळाने ओटी भरली होती. ज्याची ओटी भरतात त्यास संकट कसे म्हणावे, हे त्या बालमनास उमगले नाही. आजीचा दोष आम्ही मानीत नाही. जन्मभर कोरडे पात्र पाहिलेल्या बाईने दुसरे काय करावे?

मंडळी, ही विस्मृती त्या एका मुलीची नव्हे. आमच्यासमोर तिने निबंध वाचला तेव्हा आम्हां पाच जणांपैकी एकासही कऱ्हा आठवली नाही. आपण दुष्काळी मुलखातील माणसे. आपल्याकडे सोयरीक ठरविताना मुलाचे शिक्षण मागाहून विचारीत. आधी विचारीत, जमीन कालव्याखालची की जिरायत? पाणी म्हणजे लक्ष्मी, पाणी म्हणजे अब्रू. पाण्याची वाट पाहणे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; पाण्याला भिणे ठाऊक नाही. पाणी वैरी होऊन आले, तर त्याच्यासमोर काय करावे ह्याची एकही म्हातारी गोष्ट आपल्या घरांत नाही.

कऱ्हेचेच पाहा. ती पुरंदरात उगवते, जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते, मोरगावावरून बारामतीस येते आणि सोनगावाजवळ नीरेस मिळते. वर्षानुवर्षे तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी ह्यांखेरीज काही नसे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ज्या पावसाने पुणे शहरात आंबिल ओढ्याकाठी हाहाकार उडविला, त्याच पावसाने नाझरे धरण ओसंडले आणि कऱ्हाकाठच्या हजारो माणसांस घरे सोडावी लागली. पाऊस पडला वर, पूर आला खाली. बारामतीच्या आकाशाकडे पाहून त्या पुराचा अंदाज कोणास बांधता आला असता? वरचे धरण किती भरले हे विचारण्याची सवय हवी होती. ती सवय आपणांस आहे. पण ती पाटाची पाळी कधी सुटणार एवढे विचारण्यापुरतीच.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आमची जीभ जड होते. भीमेवर उजनीचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले, यशवंतसागर पसरला, आणि इंदापूर, करमाळा व दौंड तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवाचे जुने मंदिर पाणी फार खाली गेले म्हणजे आजही डोके वर काढते. आमची थोरली बहीण भीमेपलीकडे करमाळा तालुक्यात दिलेली. दिली तेव्हा धरण नव्हते. उन्हाळ्यात माणसे नदी पायी ओलांडीत. धरण झाले आणि बहिणीचे गाव एकाएकी समुद्रापलीकडे गेल्यासारखे झाले. रस्त्याने जावे तर दूरचा वळसा. होडीने जावे तर थोडक्यात काम. येथे बसलेल्या कितीतरी कुटुंबांच्या सोयरिकी ह्या पाण्याच्या दोन्ही काठांस वाटल्या गेल्या आहेत. लग्नाला, बारशाला, दहाव्याला आपण होडीनेच गेलो. आम्ही स्वतः मांडीवर तान्हे मूल आणि पायाशी रुखवताचे डबे घेऊन ते पाणी ओलांडले आहे. वारा सुटला असता होडीवाला ‘थोडे थांबू’ म्हणाला, आणि मुहूर्त टळेल म्हणून आम्हीच त्यास घाई केली. त्या दिवशी आम्ही काठास लागलो. तो आमचा शहाणपणा नव्हता.

२१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावाहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहत काठास लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन चिमुकली मुले होती. ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर आमचीच होडी उभी राहिली. इतक्या वर्षांत अंगात घालावयाचे तरंगते जाकीट आहे काय, असा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता. विचारला असता तर लोक हसले असते, हेही खरे.

कालव्याची कथा ह्याहून लहान, पण बोधक आहे. नीरेच्या डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. वीरच्या बंधाऱ्यापासून इंदापूरपर्यंत, शंभर मैलांच्या घरात पसरलेला हा आपला पोशिंदा. २०२५ साली पाऊस रोहिणी नक्षत्राच्या तोंडावरच कोसळला. २५ मे रोजी बारामती तालुक्यात पिंपळीच्या बाजूस हाच कालवा फुटला आणि पाणी शेतांत व वस्त्यांत शिरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बारामतीस व इंदापुरास आल्या. ज्या तालुक्यांत टँकर यावयाचे, तेथे बचावाच्या होड्या आल्या!

ह्या ठिकाणी आपल्या मुलीने जपानात पाहिलेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वाकायामा प्रांतात हिरो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १८५४ च्या डिसेंबरात तेथे मोठा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र चालून आला. हामागुची गोर्यो नावाचा एक सधन गृहस्थ तेथे राहत असे. त्याच्या घराण्याचा सोयाबीनच्या आसवाचा, म्हणजे तिकडच्या सोयासॉसचा, धंदा होता. काळोखात लोकांस उंचावरची वाट दिसावी म्हणून त्याने भाताच्या गंजी पेटवून दिल्या. ५ नोव्हेंबर हा दिवस ह्याच प्रसंगावरून निवडला गेला. जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ती अकराव्या महिन्यातील पाचवी तिथी होती. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्याने पुढे केलेले काम. घरेदारे गेलेली माणसे गाव सोडून जाऊ नयेत म्हणून त्याने पदरच्या पैशाने त्यांस मजुरी दिली आणि समुद्राच्या बाजूस मातीचा बांध घालविला. सुमारे सहाशे मीटर लांब, पाच मीटर उंच. काम चार वर्षे चालले. १९४६ साली लाट पुन्हा आली तेव्हा गावाचा बहुतेक भाग ह्या बांधाने राखला.

दुष्काळी काम म्हणून आपला कालवा झाला, तसाच संकटातल्या मजुरीतून त्यांचा बांध झाला. काळातही वीस-बावीस वर्षांचेच अंतर. फरक पुढे पडला. १९०३ सालापासून त्या गावी दरवर्षी उत्सव होतो आणि लोक बांधावर माती नेऊन घालतात; त्यात शाळेतली पोरेही असतात. मूठभर मातीने बांध कितीसा वाढणार? पण बांध कशासाठी आहे हे त्या गावातल्या मुलास कोणी निराळे शिकवावे लागत नाही. ‘आणि पाणी आले तर?’ हा प्रश्न विचारणारा मुलगा अशाच कोणत्यातरी गावचा असला पाहिजे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही काही सूचना ठेवल्या होत्या. त्यांपैकी तीन मान्य झाल्या, एक बारगळली. बारगळलेली सांगत नाही, कारण ती महाग होती. वसतिगृहातील प्रत्येक मुलास आणि, हे मुद्दाम म्हणतो, प्रत्येक मुलीस ह्या उन्हाळ्यापासून पोहणे शिकविले जाईल. काही मातापित्यांनी मुलींच्या बाबतीत कुरकुर केली आहे. त्यांनी सभेनंतर आम्हांस भेटावे, आम्ही वाद घालावयास तयार आहोत. दुसरे, २०१९ साली कऱ्हेचे पाणी कोठवर आले होते ते ज्यांस नक्की आठवते त्यांनी आपापल्या घराच्या भिंतीवर तांबड्या रंगाची रेघ ओढावी. रंग मंडळ देईल, आणि कोणती रेघ कोठे आहे ह्याची वही आपली सत्कारमूर्ती ठेवील. तिने हे काम स्वतः मागून घेतले आहे.

तिसरे असे. लग्नकार्यासाठी मंडळाची भांडी आणि सतरंज्या आपण नेतो. त्याच खोलीत आता पंचवीस तरंगती जाकिटे आणून ठेवली आहेत. त्यांत आठ लहान मुलांच्या मापाची आहेत. उजनीच्या पाण्यावरून ज्यांचे वऱ्हाड जावयाचे असेल त्यांनी ती न्यावीत. भांड्यांस भाडे आहे, जाकिटांस नाही. मात्र परत आणताना ती उन्हात वाळवून आणावीत, आणि सतरंज्यांप्रमाणे दोन-चार कमी भरली असे होऊ देऊ नये.