भाषाशाळेनंतरचा व्हिसा

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि परदेशी भाषांच्या वर्गांची चर्चा जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. जपानची चर्चा त्याच्या आधीपासूनची. या चर्चेत एक सल्ला सर्रास दिला जातो: आधी भाषाशाळेच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेता येईल. जपानचा कायदा पाहिला तर बदलाची सोय आहे, हे खरं. पण तो बदल कोणाला मिळेल, हे बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच ठरलेलं असतं.

जपानी भाषाशाळेत जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं. त्यानंतर नोकरीसाठी निवासाचा दर्जा बदलायचा, तर कार्यालयीन आणि तांत्रिक कामांच्या वर्गात पदवी लागते, किंवा तिथल्या व्यावसायिक शाळेची पदविका, नाहीतर कामाचा दीर्घ अनुभव. बहुतेक कामांना तो दहा वर्षांचा. भारतीय विद्यापीठाची पदवी तिथे धरली जाते. भाषाशाळेचं प्रमाणपत्र मात्र या हिशेबात येत नाही, मग जपानी कितीही अस्खलित येवो. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी शिवाजी विद्यापीठाचा पदवीधर नोकरी मिळाल्यावर अर्ज करू शकतो, तर बारावी झालेल्याला आधी आणखी दोन वर्षांची व्यावसायिक शाळा आणि तिची फी सोसावी लागते. शिवाय अर्ज तपासताना भाषाशाळेतली हजेरी पाहतात. शाळा चालू असताना परवानगी घेऊन आठवड्याला 28 तासच काम करता येतं. त्याहून जास्त केलं, तर ते कराच्या कागदांतून उघड होतं. फी भागवण्यासाठी केलेली जादा पाळीच पुढचा अर्ज बुडवते. ‘काम करता करता शिका’ असं छापणाऱ्या जाहिराती हे कुठे सांगतात?

यावर म्हटलं जाईल की बारावीनंतर गेलेली मुलंही तिथे स्थिरावली आहेत. आहेत, पण त्यांचा रस्ता तपासला, तर त्यात बहुधा ती व्यावसायिक शाळा सापडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदवीची वाट पाहण्याइतकी सवड गरीब घराला कुठून असणार? त्याचं उत्तर ‘विशिष्ट कौशल्य’ या व्हिसाच्या वर्गात आहे. जपानने तो एप्रिल 2019 मध्ये सुरू केला आणि जानेवारी 2021 मध्ये भारताशी त्याबाबत करार केला. शुश्रूषा, शेती अशा क्षेत्रांसाठी कौशल्याची आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. पदवीची अट नाही, आणि भाषाशाळेत न जाता भारतातूनच अर्ज करता येतो. उणीवही सांगायला हवी: पहिल्या टप्प्यात साधारणपणे एकूण पाचच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. तरीही दोन वर्षांची फी कर्जाने भरून नंतर याच वर्गात शिरण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहं उभारली, ती खेड्यातल्या मुलाचं शिक्षण पैशाअभावी अर्ध्यावर सुटू नये म्हणून. त्याच शहरात आज पदवी अर्धी टाकून भाषाशाळेची फी भरणं शहाणपणाचं नाही. महाविद्यालयांनी पदवीबरोबर जपानी आणि जर्मनचे वर्ग चालवावेत. आणि पालकांनी पैसे भरण्याआधी एजंटाला एवढंच विचारावं: भाषाशाळा संपल्यावर माझ्या मुलाचा अर्ज कोणत्या वर्गात आणि कोणत्या पात्रतेवर जाणार? उत्तर लेखी मागावं.