सलाईन : किती आणि कोणते?
(मंडळाच्या गणेशोत्सवात एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान)



लखनौत सिकलसेलवर कशाला बोलायचे, असे काहींना वाटेल. पण आपल्यातील काही घरे विदर्भातली आहेत आणि तिकडे हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात उत्तर प्रदेशही आहे.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत मामाकडे आलेला वीस किलोचा एक मुलगा माझ्याकडे आणला. हातपाय दुखून तळमळत होता. आदल्या रात्री दुसरीकडे बाटल्या भरभर चढवल्या होत्या. सकाळी दम लागला. सलाईन कमी केले, ऑक्सिजन आणि वेदनाशामक दिले. दोन रात्री जागलो, मुलगा वाचला.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी घटले की त्या अधिक वाकतात. शिवाय या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही. म्हणून पाणी हवेच. पण जास्त झालेले पाणी फुप्फुसात उतरते.

किती द्यायचे? पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या दहांना ५०. म्हणजे त्या मुलाला दिवसाला सुमारे १५०० मिली, तोंडाने प्यायलेले धरून! मूल पीत असेल तर सुई लागेलच असे नाही.

कोणते द्यायचे? मीठ फार कमी असलेले द्रव रक्तातले सोडियम उतरवतात आणि मेंदूला सूज येऊ शकते. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ क्लोराईड असते, रक्तात साधारण १००. भरभर नॉर्मल सलाईन दिलेल्या मुलांच्या वेदना कमी शमल्या, असे २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. रिंगर लॅक्टेटमध्ये क्लोराईड १०९ च्या आसपास असते. २०२४ च्या अभ्यासात मोठ्या माणसांना ते थोडे सरस ठरले. मुलांबाबत शेवटचा शब्द अजून कोणी दिलेला नाही. म्हणून वजन, लघवी, श्वास आणि रक्तातले क्षार पाहूनच डॉक्टर ठरवतात.

आपण काय करावे? डॉक्टरांना आधी "सिकलसेल आहे" असे सांगा, रिपोर्ट जवळ ठेवा. "किती मिली? प्यायलेले मोजले का?" असे विचारायला संकोचू नका. ताप, छातीत दुखणे किंवा दम दिसला तर घरी थांबू नका. आणि लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्त तपासा.

गणराय सर्व लेकरांना सुखी ठेवो.